उन्हाळ्यात कुत्र्याचे केस भादरावेत का? प्राण्यांच्या अंगातील उष्णतेविषयी

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. आमच्या घरी जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा आहे. एप्रिल लागला की सोसायटीतले शेजारी, सकाळी फिरायला येणारी मंडळी आणि नातेवाईक असे सगळेच एक सल्ला देतात, की त्याचे केस मशीनने पार उतरवून टाका, म्हणजे त्याला गार वाटेल. त्यांचे म्हणणे असे, की आपण उन्हाळ्यात अंगावर स्वेटर ठेवत नाही, मग त्या मुक्या जिवाच्या अंगावर तो का ठेवायचा? ऐकताना हे पटते. पण मग राजस्थानातल्या उंटाच्या पाठीवर आणि आपल्याकडे माळावर दिवसभर चरणाऱ्या मेंढीच्या अंगावर एवढी लोकर कशासाठी असते, असा प्रश्न पडतो.

मला नुसते ‘भादरा’ किंवा ‘भादरू नका’ असे उत्तर नको आहे. प्राण्याच्या शरीरात उष्णता तयार कशी होते, ती टिकते कशी आणि कोणत्या वाटांनी बाहेर जाते, हे समजले तर निर्णय माझा मला घेता येईल. दुपारी आमचा कुत्रा सोफा सोडून पॅसेजमधल्या शहाबादी फरशीवर मागचे पाय ताणून, पोट टेकवून पडतो आणि जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याने त्याच्यापुरता काही मार्ग शोधलेला आहे, हे उघड आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त_पशुवैद्य

मृण्मयीताई, प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून उत्तरही थोडे मुळापासून देतो.

शरीरातील उष्णता येते अन्नाच्या ज्वलनातून. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिये आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले आणि त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी ते ताडून पाहिले. श्वसन म्हणजे अतिशय सावकाश चालणारे ज्वलन आहे, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. पेशींमधील तंतुकणिका अन्नातील ऊर्जा वापरण्याजोगी करतात, पण त्या व्यवहारात बरीच ऊर्जा उष्णता होऊन निसटते. स्नायू काम करतात तेव्हाही जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा हालचालीत जाते आणि बाकीची उष्णताच होते. म्हणजे जिवंत प्राणी झोपलेला असला तरी त्याच्या आत उष्णता तयार होतच राहते. ती थांबवण्याची सोय त्याच्याकडे नाही, वाढवण्याची मात्र आहे. थंडीत कुडकुडणे म्हणजे कोणतेही काम न साधता स्नायूंना केवळ उष्णतेसाठी राबवणे. अनेक सस्तन प्राण्यांच्या नवजात पिल्लांत, आणि माणसाच्या बाळातही, तपकिरी रंगाची चरबी असते. तिच्या तंतुकणिका न कुडकुडता थेट उष्णता निर्माण करतात. डुकराच्या पिल्लांत ही यंत्रणा चालत नाही. त्यामुळे ती जन्मल्या क्षणापासून कुडकुडतात आणि आईला चिकटून राहतात. डुकरीण विण्याआधी गवत, पाचोळा तोंडाने गोळा करून त्याचे घरटे करते, त्याचे महत्त्व यात आहे.

आता बाहेर जाण्याच्या वाटा. वहन (स्पर्शातून), अभिसरण (वाहत्या हवेतून किंवा पाण्यातून), प्रारण (किरणांवाटे) आणि बाष्पीभवन अशा त्या चार आहेत. तुमचा कुत्रा फरशीवर पोट टेकतो ते वहनासाठी: पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस विरळ असतात आणि त्वचा दगडाला थेट भिडते. धापा टाकतो ते बाष्पीभवनासाठी. कुत्र्याच्या घामाच्या ज्या ग्रंथी अंग गार करण्याच्या कामी येऊ शकतात, त्या पंजांच्या तळव्यांपुरत्याच असतात आणि त्यांचा उपयोग नगण्य आहे. त्याचा खरा आधार नाकाच्या आतील ओला पडदा आणि जीभ. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी पुरतात. यावरून बाष्पीभवनाची ताकद लक्षात यावी.

धाप लागलेला कुत्रा मिनिटाला तीनशेच्या आसपास श्वास घेतो. एवढी मेहनत केल्यावर स्नायूंमध्ये नवी उष्णता तयार होऊन सगळा लाभ वाया जायला हवा होता. तसे होत नाही, कारण त्याच्या छातीच्या पिंजऱ्याची आणि फुप्फुसांची जी स्वाभाविक कंपनसंख्या (ज्या गतीने ती कमीत कमी जोरात हलत राहतात ती गती) आहे, तिच्याच जवळपास तो धापा टाकतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला फार थोडी शक्ती लागते. संथ श्वासावरून तो एकदम धापांवर जातो, अधलीमधली गती क्वचितच दिसते, त्याचे कारण हेच आहे. आज संध्याकाळी अवश्य पाहा.

तुमच्या कुत्र्याचे केस भादरू नयेत, असे माझे मत आहे. ब्रशने आतली गळणारी मऊ लव काढत राहा, एवढे पुरे.

मुळशीकर

डॉक्टरसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, की आमच्या गोठ्यात म्हशी भादरल्याशिवाय उन्हाळा निघत नाही. वडील भादरत होते, आजोबाही भादरत होते. भादरलेली म्हैस पाण्यातून बाहेर आली की निवांत रवंथ करते, आणि जिचे केस वाढलेले आहेत ती तासाभरात पुन्हा तोंडाला फेस आणून उभी राहते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. केस जर जनावराच्या भल्याचे असतील, तर म्हशीला हा नियम का लागू होत नाही?

अवनी

आमच्या इमारतीत एक हस्की आहे. एका श्वान-सलूनमध्ये ‘उन्हाळ्याची कटिंग’ म्हणून त्याला त्वचेपर्यंत भादरले. त्यानंतर केस परत आले ते ठिकठिकाणी तुकड्यांत आले, पाठीचा काही भाग कित्येक महिने उघडा राहिला आणि उन्हाने लाल होऊ लागला. मालकांना याची कोणीही आगाऊ कल्पना दिली नव्हती, याचा मला फार राग आहे. ज्यांच्याकडे थंड प्रदेशातल्या जातींचे कुत्रे आहेत त्यांनी हा धोका लक्षात ठेवावा.

विज्ञानशिक्षिका_पर्वती

मुळशीकर आणि डॉक्टर या दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, आणि दोन्ही एकाच नियमात बसते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. केसांत अडकलेली हवा त्या प्रवाहाला मंद करते, पण तो आत येणारा आहे की बाहेर जाणारा, याचा भेद ती करत नाही. स्वेटरच्या उदाहरणात आपण हे गृहीत धरतो, की उष्णता आतून बाहेर चालली आहे. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटे, पाषाणकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा, ते खरे असते. एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंशांवर आणि जमीन त्याहूनही तापलेली असताना, ३९ अंशांच्या प्राण्याच्या बाबतीत प्रवाह उलटतो आणि हवा, जमीन, ऊन हे सगळेच त्याला उष्णता देऊ लागतात. चारपैकी तीन वाटा बंद होतात, किंबहुना उलट्या वाहू लागतात, आणि बाष्पीभवन हीच एक वाट उरते.

ती वाट किती समर्थ आहे, याचा एक प्रयोग इतिहासात नोंदलेला आहे. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी वृत्तान्त मांडला. उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत ते आणि त्यांचे सहकारी काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आले. एका कुत्रीलाही त्यांनी आत नेले होते, तिचे पंजे भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत ठेवले होते, आणि तीही ठणठणीत राहिली. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजला. माणसे आणि कुत्री यांच्याकडे वाफ करायला पाणी होते आणि ते पाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचवणारे जिवंत रक्ताभिसरण होते.

म्हशीची गोष्ट यातूनच उलगडते. तिच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी गाईच्या तुलनेत फारच कमी असतात, शिवाय कातडी काळी असल्यामुळे ती ऊन शोषते. बाष्पीभवनासाठी लागणारे पाणी ती स्वतः देऊ शकत नाही, म्हणून ती डोहात जाऊन बसते आणि अंगाला चिखल लावून घेते. केस काढल्यावर पाणी आणि चिखल थेट त्वचेला भिडतो आणि वाफ होताना लागणारी उष्णता त्वचेतून घेतली जाते. पण पाण्याची सोय नसेल, तर हीच भादरलेली म्हैस उन्हात बांधून पाहावी असे मी कोणालाही सुचवणार नाही.

मुळशीकर

बाई, हे पटले. भादरलेली म्हैस उन्हात बांधायची नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते; फक्त त्याचे कारण कोणी सांगितले नव्हते. आमच्या संकरित गाईंचे मात्र याहून अवघड आहे. होल्स्टीन रक्ताची गाय साधारण २५-२६ अंशांच्या पुढेच त्रासायला लागते, खाणे कमी करते आणि दूध घटते. खिल्लार गाय त्याच गोठ्यात, त्याच हवेत आरामात उभी असते.

निवृत्त_पशुवैद्य

खिल्लार, गीर, डांगी या आपल्या वशिंडाच्या गाईंची त्वचा सैल असते, गळ्याखाली पोळी लोंबते, केस आखूड आणि तुकतुकीत असतात आणि घामाच्या ग्रंथी मोठ्या व जास्त असतात. ही झाली उष्णता बाहेर टाकण्याची बाजू. दुसरी बाजू अशी, की त्यांच्या शरीरात मुळात उष्णता कमी तयार होते. दिवसाला वीस-पंचवीस लिटर दूध देणारी गाय प्रचंड अन्न पचवते आणि त्या पचनाची उष्णता तिला बाहेर टाकावीच लागते. तिची भूक मंदावते हा शरीराने स्वतःच्या बचावासाठी केलेला उपाय आहे. म्हणून मुळशीकर, वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी उशिरा आणि पहाटे घाला. कोठीपोटात चारा आंबताना होणारी उष्णता मग भर दुपारी डोक्यावर येत नाही.

तर्कनिष्ठ

मला येथे एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. चर्चा भर उन्हातल्या ४० अंशांची चालली आहे, पण मृण्मयीताईंचा कुत्रा उन्हात नसतो. तो फ्लॅटमध्ये असतो आणि तिथले तापमान दुपारी ३२ ते ३४ अंश असेल. त्याच्या शरीराचे तापमान ३८.५ ते ३९ अंश धरले, तर उष्णता आतून बाहेरच चालली आहे आणि केस तिला अडवतच आहेत. म्हणजे स्वेटरचा युक्तिवाद घरात तरी खरा ठरतो. उंटाचे उदाहरण तर येथे मुळीच लागू होत नाही. उंटाला केसांखालच्या त्वचेवर घाम येतो आणि त्याची वाफ तिथेच होते. कुत्र्याला तिथे घाम येतच नाही. या मुद्द्याला कोणी सरळ उत्तर द्यावे.

विज्ञानशिक्षिका_पर्वती

आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. सावलीत, शरीरापेक्षा थंड हवेत, दाट केस उष्णतेला अडवतात. प्रश्न एवढाच उरतो, की पाठीचे केस काढल्याने होणारा फायदा, बाहेर नेताना होणाऱ्या तोट्यापेक्षा मोठा आहे का? डॉक्टरांनी यावर अनुभवाने लिहावे.

उंटाविषयी मात्र थोडे थांबून लिहिण्यासारखे आहे, कारण तो विषय मला फार आवडतो. क्नुत श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियातील सहारात राहून उंटांचा अभ्यास केला. त्यात लोकर भादरलेला उंट न भादरलेल्यापेक्षा सुमारे दीडपट पाणी गमावतो, असे आढळले. त्याहून विलक्षण निष्कर्ष तापमानाचा होता. ज्याला रोज पाणी मिळते तो उंट आपले तापमान बऱ्यापैकी स्थिर ठेवतो. पाणी तोडले, की तो पहाटे ३४ अंशांपर्यंत थंड होतो आणि दुपारी ४० अंशांच्या पुढे तापू देतो. दिवसभर साठलेली उष्णता तो घाम न गाळता रात्रीच्या गार हवेला देऊन टाकतो. पाचशे किलोच्या उंटाने सहा अंशांची अशी सवलत स्वतःला दिली, तर चार-पाच लिटर पाणी वाचते. आपण तापमान स्थिर ठेवणे म्हणजेच निरोगीपणा असे समजतो; उंटाचे शरीर पाण्याच्या हिशेबाने ती मर्यादा सैल करते.

बारामतीकर

मेंढ्यांच्या बाबतीत मी जे पाहतो ते लिहितो. आमच्याकडे सुप्याच्या बाजूला मेंढपाळांचे कळप येतात. दुपारी बारानंतर झाड नसलेल्या माळावर सगळी मेंढरे एकमेकींना खेटून गोल उभी राहतात आणि प्रत्येक मेंढी आपले डोके शेजारणीच्या पोटाखाली घालते. लांबून नुसत्या लोकरीच्या पाठी दिसतात, तोंड एकीचेही दिसत नाही. इतक्या उकाड्यात गर्दी का करतात, असे मला पूर्वी वाटे. एका वयस्क मेंढपाळांनी सांगितले, की ‘मेंढराला पाठीचं ऊन सोसतं, डोक्याचं सोसत नाही.’

विज्ञानशिक्षिका_पर्वती

त्यांचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. ऑस्ट्रेलियातल्या कडक उन्हात मेरिनो मेंढीच्या लोकरीची टोके ८० अंशांच्या पुढे तापलेली मोजली गेली आहेत, तर त्याच वेळी काही सेंटिमीटर खाली त्वचा जेमतेम चाळिशीत होती. तापलेले टोक उष्णतेचा मोठा भाग प्रारणाने परत बाहेर टाकते. चेहऱ्यावर मात्र लोकर नाही.

डोके जपण्याची आणखी एक सोय मेंढी, शेळी, गाय आणि हरणे यांच्यात असते. मेंदूकडे जाणारी रोहिणी कवटीच्या तळाशी अनेक बारीक फाट्यांत विभागते आणि हे जाळे नाकाकडून परतणाऱ्या गार नीलारक्ताच्या साठ्यात बुडालेले असते. धापा टाकून नाकात थंड झालेले रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची उष्णता काढून घेते. मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा दुपारी बाभळीखाली धापा टाकताना दिसतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात हे काम चाललेले असते.

दौंडकर_पोल्ट्री

कोंबड्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कोंबडीचे तापमान ४१ अंशांच्या वर असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नाहीतच. शेडमध्ये पारा ३५ च्या पुढे गेला की पक्षी चोच उघडतात, पंख अंगापासून लांब धरतात आणि पाण्याच्या निपलपाशी गर्दी करतात. आम्ही शेडच्या बाजूंना गोणपाट लावून भिजवत ठेवतो, फॉगर (पाण्याचे बारीक धुके फवारणारे यंत्र) चालवतो आणि दुपारचे खाद्य बंद करतो. कोरड्या एप्रिलमध्ये हे उपाय लागू पडतात. वळवाच्या आधीचे दमट दिवस आले, की फॉगरचा उपयोग होत नाही, कारण हवेतच बाष्प भरलेले असते आणि चोचीतल्या पाण्याची वाफ होत नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त मर त्याच दिवसांत होते. नुसत्या तापमानाच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होतात आणि ट्रेमध्ये फुटण्याचे प्रमाण वाढते. त्याचे कारण मला एका प्रशिक्षणात समजले. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो, रक्ताची आम्लता बदलते आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. स्वतःला थंड ठेवण्याची किंमत कोंबडी अशी अंड्यातून मोजते.

याच्या अगदी उलट स्थिती पिल्लांची. एका दिवसाच्या पिल्लाला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही आणि पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली) ३२ ते ३५ अंश द्यावे लागतात. त्यासाठी थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहावे. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. कडेला पळून पंख पसरून बसली असतील तर उकडते आहे. आणि तुसावर सगळीकडे सारखी पांगून, गप्प राहून दाणे टिपत असतील तर सर्व ठीक आहे. रात्री दोन वाजताही मी आधी कान देतो आणि मगच दिवा लावतो.

पक्षिनिरीक्षक_औंध

दौंडकरांनी लिहिलेल्या धापांना जोडून सांगतो, की घुबडे, कबुतरे, बगळे आणि पाणकावळे यांच्याकडे याहून काटकसरीचा उपाय आहे. ते छाती न हलवता केवळ गळ्याची पातळ त्वचा थरथरवतात, त्यामुळे ओल्या गळ्यावरून हवा फिरते आणि स्नायूंची मेहनत कमी लागते. करकोचे उकाड्यात स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात. ती वाळताना पायांतले रक्त थंड होते. लांब उघडे पाय हे त्यांच्यासाठी उष्णता टाकण्याचे अवयव आहेत.

थंडीत तेच पाय संकट ठरायला हवेत. भिगवणला डिसेंबरच्या पहाटे रोहित पक्षी गार पाण्यात तासन्‌तास उभे असतात आणि तरी गारठत नाहीत, कारण पायांत खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या रोहिण्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या नीला एकमेकींना लागून जातात. खाली जाणारे रक्त आपली उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देते. पंजापर्यंत पोहोचते ते रक्त आधीच थंड झालेले असते, त्यामुळे पाण्याला द्यायला त्याच्याकडे फारसे उरत नाही. दुसरा पाय पिसांत ओढून घेतला, की हानी आणखी निम्म्यावर येते.

चिंचवडचा_अमेय

आकाराचा मुद्दा अजून आलेला नाही. उंदीर आणि हत्ती दोघांचेही तापमान ३६-३८ अंशांच्या आसपास असते, पण उंदराला वजनाच्या मानाने फार मोठा पृष्ठभाग असल्याने तो उष्णता झपाट्याने गमावतो आणि ती भरून काढायला सतत खातो. भारतातही आढळणारी, जेमतेम दोन ग्रॅमची एट्रुस्कन चिचुंद्री दिवसाला स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खाते. मोठ्या प्राण्याची अडचण नेमकी उलटी आहे. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवले होते, की बैलाच्या प्रत्येक किलोने उंदराच्या किलोइतकी उष्णता निर्माण केली, तर ती बाहेर टाकण्यासाठी त्याची कातडी उकळत्या पाण्याहून गरम ठेवावी लागेल. हत्तीचे कान सुपाएवढे का आहेत आणि ते रक्तवाहिन्यांनी का भरलेले आहेत, याचे उत्तर या गणितात आहे.

सर्पमित्र_सिंहगडरोड

येथे सर्व चर्चा नियततापी, म्हणजे स्वतःचे तापमान आतून स्थिर ठेवणाऱ्या, प्राण्यांची चालू आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचे थोडे लिहितो. साप आणि सरडे आपली उष्णता बहुतांशी बाहेरून घेतात. त्यामुळे त्यांना फार थोडे अन्न पुरते आणि अजगर एका शिकारीवर आठवडेच्या आठवडे राहतो. पण अजगराची मादी याला अपवाद करते. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि गारवा वाढला की तिचे स्नायू ठरावीक लयीत आकसू लागतात. जवळून पाहिल्यास अंगावरून उचकीसारखे आचके जाताना स्पष्ट दिसतात. या कुडकुडण्याने ती अंडी हवेपेक्षा काही अंश जास्त, म्हणजे तिशीच्या थोडे वर ठेवते.

लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने भारतातून परतल्यावर १८३२ च्या सुमारास हे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १८४१ मध्ये पॅरिसमध्येच व्हॅलेन्सियेन या प्राणिशास्त्रज्ञांनी अंड्यांवर बसलेल्या अजगराचे तापमान मोजले आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. ज्यांना आपण सरसकट ‘थंड रक्ताचे’ म्हणतो त्यांच्याविषयी इतक्या घाईने मत बनवू नये, असे मला मनापासून वाटते.

सरड्यांना तापही येतो, हे अनेकांना नवीन असेल. १९७०च्या दशकात क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंची लागण केली, तेव्हा ते आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसले. ज्यांना गरम जागा मिळू दिली नाही, त्यांच्यातले मृत्यू वाढले.

सातेरी

मधमाश्यांचा उल्लेख व्हायलाच हवा, कारण आपल्या पुण्यात गणेशखिंडीत केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे आणि या विषयाची गोडी मला तिथेच लागली. एकटी माशी थंडीत हतबल असते, पण वसाहत आपल्या अळ्यांच्या पोळ्याचे तापमान ३४-३५ अंशांवर ठेवते. थंडीत कामकरी माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू आतल्या आत कापवून उष्णता करतात. उन्हाळ्यात त्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर पसरतात आणि दाराशी रांगेत उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. दुपारी पेटीच्या दाराजवळ हात धरला तर बाहेर येणारी दमट हवा हाताला जाणवते.

आपल्याकडच्या सातेरी या देशी मधमाशीची जपानमधली उपजात याच उष्णतेचा शस्त्रासारखा उपयोग करते. पोळ्यात शिरलेल्या मोठ्या गांधीलमाशीवर शेकडो माश्या एकदम तुटून पडतात, तिच्याभोवती घट्ट गोळा करतात आणि स्नायू कापवून आतले तापमान ४६-४७ अंशांपर्यंत नेतात. गांधीलमाशी तेवढ्या उष्णतेत मरते. माश्यांची सहनशक्ती त्याहून एक-दोन अंश जास्त असल्याने बहुतेक जणी वाचतात.

मृण्मयी_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. इतके मिळेल याची अपेक्षा नव्हती. तर्कनिष्ठ यांच्या आक्षेपावर डॉक्टरांचे उत्तर अजून आलेले नाही, आणि माझा निर्णय त्यावरच अडला आहे. शिवाय आमच्या मजल्यावर एक पगही आहे. त्याच्या मालकांनीही हा धागा वाचायला घेतला आहे.

निवृत्त_पशुवैद्य

तर्कनिष्ठ यांचे भौतिकशास्त्र बरोबर आहे. घरात, सावलीत, पाठीचे केस उष्णतेला थोडे अडवतात. परंतु कुत्रा उष्णता टाकतो ती प्रामुख्याने तोंडातून, नाकातून आणि विरळ केसांच्या पोटातून. पाठ भादरल्याने यातली एकही वाट रुंद होत नाही. फायदा होतो तो आतली गळलेली लव काढल्याने, कारण ती गुंतून राहिली की केसांतली हवा खेळत नाही. बाहेरचे राठ केस ठेवावेत, कारण सकाळी नऊनंतर टेकडीवर नेले की ऊन त्याच पाठीवर पडते. ज्यांचे केस सतत वाढतात अशा पूडलसारख्या जातींचे केस आखूड करायला हरकत नाही, तेही त्वचेपर्यंत नकोत. जर्मन शेफर्ड आणि हस्की यांना यंत्र लावू नये. अवनीताईंनी सांगितलेली तक्रार घेऊन येणारे कुत्रे मी दवाखान्यात पाहिलेले आहेत, आणि ते केस परत यायला वर्षही लागू शकते.

पगच्या मालकांनी जास्त सावध राहावे. बसक्या नाकामुळे वाफ होण्याचा पृष्ठभागच तोकडा पडतो आणि अरुंद नाकपुड्यांतून हवा ओढताना होणारी मेहनत नवी उष्णता निर्माण करते. अशा कुत्र्याला उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास फिरवून आणावे आणि फिरताना श्वासाचा घुर्र आवाज वाढला तर तिथेच थांबावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा पालथा पंजा काही सेकंद टेकवून पाहावा; आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. बंद गाडीत कोणत्याही कुत्र्याला पाच मिनिटेसुद्धा ठेवू नये.

कुत्रा लडखडू लागला, लाळ दाट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या किंवा त्याने ओकारी काढली, तर त्याचे तापमान ४१ अंशांच्या पुढे गेले असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी आधी त्याला सावलीत आणून नळाच्या साध्या पाण्याने पोट, जांघा, काखा आणि पंजे भिजवावेत, पंखा लावावा, आणि मग भिजलेल्या अवस्थेतच दवाखान्यात न्यावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली वाफ कोंडते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. बरा दिसला तरी त्याच दिवशी तपासून घ्यावा, कारण मूत्रपिंडांवर आणि रक्त गोठण्यावर झालेला परिणाम एक-दोन दिवसांनी उघड होतो.

तर्कनिष्ठ

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे, माझे समाधान झाले. डॉक्टर, एकच उपप्रश्न: कूलर लावलेल्या खोलीत दमटपणा वाढतो. दौंडकरांचा फॉगरचा अनुभव पाहता, कुत्र्यासाठी कूलर चांगला की नुसता पंखा?

निवृत्त_पशुवैद्य

मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुण्याची हवा कोरडी असते, तोवर खिडकी उघडी ठेवून कूलर लावावा. आभाळ भरून येऊ लागले, की कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा आणि फरशी पुसून ओलसर ठेवावी.

मुळशीकर

हाच नियम आम्ही गोठ्यालाही लावू. ढग दिसले की फवारे बंद आणि पंखे चालू.